हासू मास्तरांचा निळा

टीव्हीच्या दुकानात रांगोळीच्या पुड्या घेऊन जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दुकानदार पडद्यावर धबधबे आणि फुलपाखरं दाखवत असायचा आणि हासू मास्तर सदऱ्याच्या खिशातून एक मळका बटवा काढायचे. बटव्यात पाच पुड्या असत: पांढरी, पिवळी, लाल, निळी आणि काळी. त्या काउंटरवर ओळीने उघडायच्या, एकदा रांगोळीकडे बघायचं, एकदा पडद्याकडे, आणि मग दुकानदाराकडे असं बघायचं, की टीव्ही जणू त्यानेच रात्रभर जागून घरी बनवला आहे आणि तो बिघडवला आहे. बरेचसे दुकानदार त्यांना एकदाच बघत. दुसऱ्यांदा मास्तर दिसले की जेवायला निघून जात.

नाव हासुराम. हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांचा अंदाज किती चुकला हे सगळ्या जूचंद्र गावाला ठाऊक होतं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि दिवाळीत रांगोळी काढायचे. आमच्या गावात रांगोळी म्हणजे बायकांनी दारात घातलेली चार बोटांची नक्षी नव्हे. अख्ख्या खोलीच्या फरशीवर माणसाचा चेहरा उतरतो आणि तो बघायला मुंबईहून लोक येतात. मास्तर दर दिवाळीला गावातला एकच चेहरा काढायचे. तो चेहरा बघून बाहेर पडणारी माणसं पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहत. एवढा डोळा देवाने दिला होता. जीभही त्याच हाताने दिली असावी.

वर्गात ते शुद्ध मराठी बोलायचे. "हा आंबा काढला आहेस, की आंब्याचं तेरावं?" असं शांतपणे विचारायचे. पण रंग चुकला की घरची भाषा बाहेर पडायची. सातवीत मी समुद्र काढला होता. तो बघून त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाले, "हे तुजे डोले हायेत क चिंबोऱ्यांची बिला?" पुढची दोन वर्षं मला वर्गात 'चिंबोरी', म्हणजे खेकडा, म्हणत. गावात असं नाव न मिळालेला माणूस शोधावा लागला असता. मास्तरांनी अपमान केला नाही असं एकच घर होतं, आणि ते कायम बंद असायचं.

तरीही नव्वदच्या दशकात गावात रंगीत टीव्ही यायला लागले तेव्हा प्रत्येक जण मास्तरांनाच बरोबर घेऊन गेला. शिव्या खाऊन का होईना, टीव्ही चांगला मिळायचा. त्यांचा मंत्र एकच होता: "काला मेला का चित्र मेला." लाल, हिरवा कोणीही दाखवील, काळा दाखवायला अक्कल लागते, असं त्यांचं म्हणणं. दुकानदाराने काचपेटीतले रंगीत मासे लावले की ते उसळायचे. "मासे नको दाखवू, मानूस दाखव! असा निला मासा खाडीन कवा गावलाय? माशाचा रंग तू सांगशील तो. मानसाचा रंग सगल्यांना ठावं हाय."

दोन हजार सात-आठच्या सुमाराला मी जुनं घर पाडून बंगला बांधला. अंधेरीत नोकरी केल्याने माणसाला येतो तेवढा सगळा शहाणपणा त्यात ओतला होता. हॉलला तीन बाजूंनी काचा. समोर मिठागरं. उन्हाळ्यात मिठाच्या राशींवरून ऊन उलटून असं आत यायचं की दुपारी पाहुण्याला पाणी दिलं तर तो डोळे मिटून प्यायचा. या उजेडाच्या भट्टीत मला बेचाळीस इंची प्लाझ्मा लावायचा होता. का, तर भावकीत एकाने बत्तीस इंची घेतला होता. याहून थोर कारण माझ्याकडे नव्हतं.

मास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "आधी घर दाखव. दुकान मंग." दुपारी तीनला आले, उन्हामुळे कपाळावर हात धरूनच आत शिरले आणि भिंतीवरची माझ्या आजोबांची तसबीर उतरवायला लावली. ती छातीशी धरून मला चारी बाजूंना उभं केलं. स्वतः सोफ्यावर बसून तसबिरीच्या काचेत बघत राहिले.

"आथा काय दिसतंय?" मी दमून विचारलं.

"खिडकी दिसतंय, मिठागर दिसतंय, तुजा सासरा ओट्यावर विडी पितंय तो दिसतंय. तुजा आजा दिसत नाय. फुडं चल."

शेवटी खिडकीला लागून असलेल्या एका कोपऱ्याजवळच्या भिंतीवर आजोबा स्वच्छ दिसले. मास्तर उठले. "आजा दिसला तई टीव्ही लाव. नि पडदे लावशील त मी ह्या घरान पाय ठेवनार नाय. उजेडाला भिऊन पडदे लावाचे त घर कशाला बांधलास, बीळ खनाचा होतास." आर्किटेक्टने एवढे पैसे घेऊन जे सांगितलं नव्हतं ते मास्तरांनी एका तसबिरीत सांगितलं.

वसईतल्या मोठ्या शोरूममध्ये टाय लावलेल्या विक्रेत्याने मला बाजूला घेतलं. "सर, हॉल ब्राइट असेल तर एलसीडी घ्या. प्लाझ्माची काच चमकते." तो बिचारा खरं तेच सांगत होता. मास्तरांनी काळी पुडी एलसीडीशेजारी धरली. "यो काला हाय? ही चुलीची राख हाय. राख बगाला पैसे देतय क कोन?" मग प्लाझ्माकडे वळले, खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "काला बरा हाय. पन सगला पिवला मारतंय. हलद लागल्यासारखा." विक्रेत्याने माझ्याकडे बघितलं. मला काही पिवळं दिसत नव्हतं. पण माझे डोळे म्हणजे चिंबोऱ्यांची बिळं, हे सातवीतच ठरलेलं होतं. मी मान डोलावली.

टीव्ही घरी लागला त्या दुपारी आळीतली पंधरा-वीस माणसं हॉलमध्ये जमली. मास्तर रिमोट घेऊन बसले आणि तासभर रंग लावत राहिले. लाल कमी, निळा जास्त, अजून जास्त. बातम्या सांगणारी बाई आमच्या डोळ्यांदेखत निळी पडत गेली. शेवटी ती दोन दिवसांनी खाडीतून काढल्यासारखी दिसायला लागली तेव्हा मास्तर समाधानाने मागे टेकले. "आथा मानसासारखी दिसतंय."

वीस माणसांपैकी एकाने तोंड उघडलं नाही. ज्यांना त्यांनी आयुष्यभर आंधळे म्हटलं, त्या सगळ्यांना स्वतःच्या डोळ्यांचीच शंका आली. मी तर घरमालक. मी म्हटलं, "झकास."

त्यानंतर मास्तर रोज पाचला बातम्यांना यायचे. माझ्या बायकोने, वनिताने, त्यावर तोड काढली. दिवसभर ती रंग नीट करून मालिका बघायची आणि पावणेपाचला बाईला पुन्हा निळी करायची. मला हे सगळं विनोदी वाटत होतं. आयुष्यात एकदा तरी मास्तर चुकले, याचा एक नीच आनंदही होता. खोटं कशाला बोलू? पण पावसाळा संपत आला आणि एका संध्याकाळी मास्तर म्हणाले, "बाला, जरा पडदा लाव. ऊन टोचतंय."

तेव्हा ऊन नव्हतं. बाहेर ढग होते. मास्तरांनी माझ्या घरात पडदा मागितला होता आणि दिवाळी महिन्यावर आली होती.

मग मात्र माझं हसू गेलं. या दिवाळीला मास्तर फरशीवर एक निळं प्रेत काढणार आणि त्याला माणूस म्हणणार. ते बघायला सगळं गाव येणार, चाळीस वर्षांचं एकेक नाव मनात घेऊन येणार. जो डोळा गावाला चिंबोऱ्या, राख आणि बिळं म्हणत आला, तो डोळाच गेला हे सगळ्यांसमोर उघडं पडणार. सांगायला हवं होतं आणि मी सांगत नव्हतो. रोज पाचला ठरवायचो आणि सहाला त्यांना फाटकापर्यंत सोडून यायचो.

सांगितलं ते वनिताने, आणि तेही ठरवून नव्हे. मास्तर मला प्लाझ्माचा काळा समजावून सांगत होते. बटवा काढून त्यांनी एक पुडी उघडली, पडद्याजवळ धरली आणि म्हणाले, "बग, काल्याशी काला कसा मिललाय." वनिता चहा घेऊन आली होती. ती सहज बोलून गेली, "मास्तर, ती त निली पुडी हाय."

मला वाटलं, आता हिचं काही खरं नाही. पण मास्तर उठले, पुडी घेऊन खिडकीपाशी गेले, पडदा स्वतःच सारला. रांगोळी चिमटीत घेतली, तळहातावर पसरली, हात डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.  मग मागे न वळता त्यांनी मला विचारलं, "कनचा रंग हाय रं?"

पन्नास वर्षांत त्या माणसाने कोणाला रंग विचारला नव्हता. मला रडू आलं. मी म्हटलं, "निळा, मास्तर."

त्यांनी पुडीची घडी घातली. चहा न घेता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गावात त्यांनी जाहीर केलं, की या वर्षी बाजारात आलेली रांगोळी भेसळीची आहे, तिला हात लावणं म्हणजे विटाळ, आणि ती वापरणारे सगळे गाढव. रांगोळी काढणाऱ्या पोरांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. भेसळ कुठे आहे, असं एकानेही विचारलं नाही. दिवाळी झाल्यावर मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू इतका पिकला होता, की आधी का आला नाहीत म्हणून डॉक्टर माझ्यावर ओरडले. मास्तरांनी त्यांनाही सोडलं नाही. "भिंतीला यो हिरवा कोनी लावला? आजारी मानसाला आनखी आजारी कराला?" तोपर्यंत एकाच डोळ्याची पट्टी निघाली होती.

दोन्ही डोळे झाल्यावर, होळीच्या आसपास, ते पुन्हा पाचला आले. आळीतले चार-सहा जण त्यांना बघायला आले होते. वनिता मास्तरांच्या कौतुकात इतकी रंगली, की पावणेपाचच्या जुन्या सवयीने तिने बाईला निळी करून ठेवलं आणि आता त्याची गरज नाही हे विसरूनच गेली. मी टीव्ही लावला. मास्तरांनी पडद्याकडे बघितलं आणि ताडकन उठले.

"ही बाई कोनी मारली?"

 सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दुपारी यातले सगळे इथेच बसले होते.

"कनच्या गाढवानं लावला यो रंग?"

"मी," मी म्हटलं.

मग जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझे डोळे, माझं शिक्षण, माझ्या बंगल्याच्या काचा, माझा समुद्र, सगळं निघालं. रिमोट हिसकावून त्यांनी पाच मिनिटांत बाईच्या गालावर रक्त आणलं. आळीतले लोक पोट धरून हसले, माझ्यावर.

पुढे चार वर्षं मास्तर जगले आणि चार दिवाळ्या त्यांनी चार चेहरे काढले, शेवटचा वनिताचा. पण त्यांची आवडती गोष्ट एकच होती. लग्नात, बारशाला, मयताच्या ओट्यावरसुद्धा ते माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "ह्या चिंबोरीनं सा महिने मेलेली बाई बगली, नि ह्याला समजला नाय!" ऐकणारे प्रत्येक वेळी योग्य जागी हसायचे. ज्यांना त्यांनी आयुष्यभर फाडून खाल्लं त्यांच्यापैकी एकानेही, "मास्तर, तो रंग तुमचाच," असं कधी म्हटलं नाही. आमचं गाव तसं चांगलं नाही. चुगलखोर आहे, शेजाऱ्याचं बरं झालेलं त्याला बघवत नाही. पण एवढं एक त्याने पाळलं. मास्तर खरोखरच विसरले होते का, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

ते गेल्यावर दोनेक वर्षांनी प्लाझ्मा एका दुपारी बंद पडला तो पडलाच. नवा घ्यायला निघताना मी मास्तरांच्या मुलीकडे जाऊन बटवा मागितला. मला रंगांतलं अजूनही काही कळत नाही, पण दुकानदारासमोर नुसतं रिकाम्या हाताने उभं राहणं बरं वाटेना. बटवा तसाच मळका होता. काउंटरवर मी ओळीने पुड्या मांडल्या. चार पुड्या कोऱ्या होत्या. पाचवीवर जाड पेनाने, डोळे अधू झालेला माणूस काढतो तशा मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: निळा. मी रंग सांगितला त्याच संध्याकाळी लिहिलं असणार.

डोळे परत आल्यावरही म्हाताऱ्याने ती पुडी बदलली नव्हती, म्हणजे त्याला सगळं आठवत होतं. तरी चार वर्षं गावभर मलाच गाढव म्हणत फिरला. समोरचा पोऱ्या पडद्यावर रंगीत मासे लावून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी डोळे पुसले आणि त्याच्यावर खेकसलो, "मासे नको दाखवू. मानूस दाखव."