वाढायची पाळी

हुबळीत गोकुळ रोडवर लेथ चालवणारा जोतिबा दर रविवारी सकाळी अळणावर गावाच्या बसमध्ये बसतो. मांडीवर पिशवी, आणि पिशवीत गिरमिटाचं सामान. कांदा-चिंचेचा मसाला डब्यात, चुरमुरे वेगळ्या पुडीत, कारण आधीच कालवलं तर अळणावर येईपर्यंत सगळ्याचा लगदा होतो. चार वर्षांत त्याचा एकही रविवार चुकलेला नाही. वर्कशॉपमधले म्हणतात, जोतिबाअण्णा म्हणजे देवमाणूस. ते ऐकलं की तो मान खाली घालतो, आणि लोकांना वाटतं, काय हा विनय.

हा जोतिबा एकेकाळी हुबळीतच रग्बीचा क्लब चालवायचा. तरुणपणी तीन वर्षं तो पुण्यात कामाला होता, तिथे हा खेळ शिकला आणि गावी परतताना ट्रंकेत कपड्यांपेक्षा जपून एक चेंडू घेऊन आला. गल्लीनं पहिल्याच दिवशी त्या लांबट चेंडूचं नाव ‘मोट्टे’ ठेवलं, म्हणजे कन्नडमध्ये अंडं. पंधरा माणसं जमवायला त्याला दोन वर्षं लागली. टर्नर, फिटर, दाजीबानपेठेत कापडाचे गठ्ठे उचलणारे दोघे, तारिहाळच्या कारखान्यांतले पाचसहा. नाव ठेवलं ‘मैत्री रग्बी क्लब’. गोलाचे खांब जोतिबानं स्वतः वेल्डिंग करून बनवले. मैदान क्रिकेटवाल्यांचं, त्यामुळे खांब सकाळी उभे करायचे आणि दुपारी उपटून टेम्पोत घालायचे. हरण्याचं म्हणाल, तर क्लबनं त्यात कधी हयगय केली नाही.

मॅच संपली की दोन्ही संघ एकत्र बसून गिरमिट खायचे. त्यात ‘मैत्री’चा एक रिवाज होता. ज्याच्या हातून त्या दिवशी सगळ्यात मोठी चूक झाली, त्यानं उभं राहून ती आपल्या तोंडानं सांगायची, सगळ्यांना वाढायचं आणि आपण शेवटी खायचं. सगळ्यांचे गिरमिटाचे कागद रिकामे झाले की चूक संपली. पुढे तिचं नाव कुणी काढायचं नाही. रिवाज घातला जोतिबानंच, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

योगेश अळणावरजवळच्या खेड्यातला, तारिहाळला नोकरीला. अंगानं सडपातळ आणि पायांनी चपळ, म्हणून त्याची जागा मैदानाच्या कडेला, चेंडू घेऊन पळायची.

चार वर्षांपूर्वी बाहेरगावचा एक तगडा संघ आला. त्या दिवशी प्रभंजनची शिफ्ट सुटली नाही. प्रभंजन म्हणजे स्क्रममधला पुढच्या रांगेतला गडी. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ जण वाकून खांद्याला खांदा भिडवतात आणि रेटतात. त्यात सगळा भार पुढच्या तिघांच्या मानेवर येतो. म्हणून नियम असा, की पुढे शिकलेला गडी नसेल तर स्क्रम नुसता जुळवायचा, रेटायचं नाही. पण न रेटता खेळायचं म्हणजे आपण कच्चे, असं पाहुण्यांसमोर कबूल करायचं. जोतिबाच्या ते जिवावर आलं. त्यानं योगेशला पुढे घेतलं. पंचांनी विचारलं, हा पुढे खेळलाय का? योगेश तेव्हा लांब बसून बुटाची नाडी बांधत होता.

‘‘दोन वर्षं,’’ जोतिबा म्हणाला.

तिसऱ्याच स्क्रममध्ये योगेशची मान मोडली. स्ट्रेचरवर त्याला कळत होतं, बोलता येत होतं. तो म्हणाला, ‘‘अण्णा, माझंच डोकं चुकीच्या बाजूला गेलं. आज वाढायची पाळी माझी.’’

त्या दिवशी कुणी गिरमिट खाल्लं नाही. क्लबही तिथंच संपला. खांब अजून वर्कशॉपच्या मागे गंजत पडलेत. योगेश खाटेवर आहे. उजव्या हाताची बोटं तेवढी थोडी हलतात.

परवाच्या रविवारी जोतिबा पोचला तेव्हा योगेशला उशीला टेकवून बसवलं होतं. त्याची आई चंद्रभागाबाई हसत होत्या. त्यांनी आल्याआल्या सांगितलं, ‘‘सकाळपासनं एकच धोशा लावलाय बगा ह्यानं. आज मी वाढणार म्हन्तो.’’

‘‘आई हात धरंल,’’ योगेश म्हणाला. ‘‘चार वर्सं झाली, अण्णा. चूक माझी, पन वाढायचं ऱ्हाऊनच गेलं. एकदा संपवू द्या की मला.’’

जोतिबानं मसाला कालवला. चंद्रभागाबाईंनी मुलाचा हात उचलून चमच्याला लावला. ती वाकडी बोटं चमच्यावर टेकली आणि जोतिबाला ते बघवेना. त्यानं चमचा काढून घेतला.

‘‘तू न्हाई वाढायचं,’’ तो म्हणाला. मग उभा राहिला, कारण रिवाजच तसा होता, आणि प्रभंजनच्या शिफ्टपासून ‘दोन वर्षं’पर्यंत सगळं सांगितलं. ‘‘मी खोटं बोललो. न रेटता खेळता आलं असतं. तुझं डोकं चुकलं न्हाई, योगेश. तुला तिथं मी घातला.’’

चंद्रभागाबाईंनी मुलाचा हात खाली ठेवला. उठून परसात गेल्या. दर रविवारी होणारा चहा त्या दिवशी झाला नाही.

योगेशच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवर उतरत होतं आणि त्याला ते पुसता येत नव्हतं. जोतिबालाही पुसायचा धीर होईना.

‘‘चार वर्सं मी आईच्या शिव्या खाल्ल्या, अण्णा,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘मला पन वाटायचं, मीच केलं हे.’’ मग चमच्याकडे बघत म्हणाला, ‘‘वाढा तर मग.’’

जोतिबानं कागदावर वाढलं आणि एकेक घास त्याला भरवला. योगेश मुकाट्यानं खात होता. शेवटचा घास उचलला तेव्हा त्यानं तोंड मिटून घेतलं.

‘‘एवढा घे की,’’ जोतिबा म्हणाला. तो घास संपायला हवा होता. गेली चार वर्षं त्याला तेवढंच हवं होतं.

‘‘नको. कागद रिकामा झाला तर तुमची चूक संपंल,’’ योगेश म्हणाला. ‘‘मग पुढच्या रविवारी कशाला येशीला तुम्ही?’’