कुंपणावरची कळलावी

माझ्या कुंपणावर कळलावीचा वेल हाय आणि तो तिथंच राहणार. ज्याला बघवत न्हाई त्यानं माझ्या दारावरून जाऊ नये.

नातीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्या घरी, कोयनेच्या खोऱ्यात व्हायचं होतं. श्रावणात तिची सासू तिला सोडायला आली. बाई तासगावाकडची, द्राक्षबागायतीतली. गाडीतून उतरली आणि पहिली नजर कुंपणाकडं. तांबड्या-पिवळ्या फुलांनी कुंपण पेटल्यासारखं दिसत होतं.

"आवं आबा, दारात कळलावी? भांडणं लावती ही घरात. पोरगी पोटुशी हाय, उपटून टाका आधी."

"आमच्यात ह्या फुलांना गौरीचे हात म्हणत्यात," मी म्हणालो. "गौरी बसती तवा हीच लागत्यात. देवीचे हात उपटू व्हय?"

"गड्डा इखारी असतोय तिचा."

"असतोय की. खातंय कोण? आमच्या सुइणी तो उगाळून अडल्या बाईच्या तळपायाला लावायच्या, पोर झालं की लगेच धुवायच्या. तुमचा जल्म व्हायच्या आधीची गोष्ट हाय."

बाईनं तोंड वाकडं केलं आणि पिशव्या उचलून घरात शिरली.

दुपारी माझ्या सुनेनं, नातीच्या आईनं, फोडशीची भाजी केली. पावसात आमच्या डोंगराला ती आपोआप उगवते. गवतासारखी लांब पात, बुडाशी पांढरी. राठ भाग काढून बारीक चिरायची, कांदा, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ. पावसाळ्यात पोट साफ राहतं म्हणून आमची आई पहिली कोवळी पात देवापुढं ठेवून मगच आम्हाला वाढायची. नातीला ती जिवापाड आवडते.

नातीची सासू सैपाकघरात डोकावली. कोपऱ्यात निवडलेल्या पातींचा ढीग दिसला, तशी तिनं नातीच्या पुढचं ताट ओढलं.

"ह्यो त्या कुंपणावरचाच पाला न्हवं? माझ्या सुनेला इख चारताय व्हय वो सगळी मिळून?"

सुनेनं तोंड उघडलं. मी हात वर केला.

"कुणी काय सांगायचं न्हाई तिला."

बाई, ही फोडशी हाय, एवढं म्हटलं असतं तर मिटलं असतं. पण माझ्या चुलीवर इख शिजतं असं म्हणणाऱ्या बाईची समजूत मी का घालू? मी ते ताट घेतलं आणि तिच्यासमोर मांडी घालून सगळं खाल्लं. बोटंसुद्धा चाटली.

"आता बसा बघत. मेलो तर तिरडी तुमीच बांधा."

"लय ताठा हाय तुमाला," ती म्हणाली. "त्यो वेल काढा, न्हाईतर मी पोरीला घिऊन चालले."

"न्या."

नात रडायला लागली. "आबा, येवढा वेल काढा की वो. मला हितंच ऱ्हायचंय."

मी कोयता उचलला असता तर ती राहिली असती. न्हाई उचलला. आज वेल काढला असता तर उद्या त्या बाईनं माझ्या घरातली चूल कुठं मांडायची तेबी सांगितलं असतं.

नातीला घेऊन गाडी गेली. तिकडंच तिला मुलगा झाला. बारशाला घरातली सगळी गेली, मी सोडून. त्या दिवशी नातीचा फोन आला.

"आबा, पणतवाचं तोंड तरी बघून जावा."

"तुझ्या सासूला दे फोन."

पलीकडं कुजबूज झाली. मग नात म्हणाली, "त्या कामात हायत."

"मग मीबी कामात हाय."

सून परत आली ती मोबाईलात फोटो घेऊन. मी मान फिरवली. पोराला बघायचं तर मांडीवर घेऊनच बघीन, आणि त्यासाठी त्या बाईनं सोताच्या तोंडानं मला 'या' म्हटलं पायजे. अजून म्हटलेलं न्हाई.