गंगेचा शिंपला

प्लेग येऊन गेला त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही डिंडोलीला दोन खोल्यांत राहत होतो. नवरा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. सुट्टीत उत्तरेकडच्या नद्या पालथ्या घालून आला आणि गोगलगायी-शिंपल्यांनी भरलेल्या बरण्या थेट कॉटखाली सरकवल्या. "गोगलगाय अन् पोटात पाय, तुमच्यासारखीच," मी फणकारले होते. काही शिंपले कोरडे, काही औषधाच्या पाण्यात. ते पाणी जहर आहे, हात लावू नकोस, एवढं मला बजावलं होतं. सासूबाईंना मात्र कौतुकाने कोरड्यांची एक बरणी दाखवली, "आई, हे गंगेतले!" झालं! त्यांनी कॉटलाच हात जोडले.

तीन महिन्यांची माझी लेक कफाने बेजार होती. दुपारी नळावरून कपडे धुऊन आले, तर सासूबाई तिला मांडीवर घेऊन गुटी पाजत होत्या. त्यांच्या माहेरी गुटी शिंपल्यानेच पाजायची. कॉटखाली एका बरणीचं झाकण उघडं होतं आणि खोलीभर डोळ्यांना झोंबणारा वास.

"आई, हा शिंपला कुठला?"

"गंगाना शे व माय. चांगला धोयेल शे."

जन्मभर तपकीर ओढून त्यांच्या नाकाला वास कळेनासा झाला होता. मी लेकीला हिसकावलं. तिच्या ओठांनाही तोच वास! "मारलंत माझ्या पोरीला!" मी गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडले आणि अनवाणीच रिक्षात बसले.

उधन्याच्या दवाखान्यापर्यंत तिच्या छातीला कान लावून होते. ती रडली तरी भीती वाटायची, गप्प झाली तर जास्तच. "केटलुं पिवडाव्युं?" डॉक्टर गुजरातीत विचारत होते. किती पाजलं, मला काय ठाऊक! त्यांनी तिचं तोंड धुतलं, तीन-चार तास समोर ठेवलं. संध्याकाळी म्हणाले, काही झालेलं नाही, घरी न्या.

सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. "पोर कशी शे?"

"बरी आहे," मी म्हणाले, आणि मग त्यांचे ओठ दिसले. सुजलेले, लालभडक. पायाशी ती बरणी, हातात दुसरा शिंपला. पोरीला काय होणार ते आधी माझ्यावर दिसेल, म्हणून बरणीतलं पाणी प्याले, असं त्या कशाबशा बोलल्या.

"भाई, ऊभा रहो!" वळणाऱ्या रिक्षामागे मी धावले.

एका हातात लेक, खांद्यावर सासूबाईंचं डोकं. डॉक्टरांना दाखवायला बरणी मांडीवर घेतली होती. दुपारी बोलले ते कसं परत घेऊ, कळत नव्हतं. त्यांचा श्वास घरघरत होता.

"गंगानाच व्हता ना व तो?" त्यांनी विचारलं.

बरणीवरच्या चिठ्ठीवर नवऱ्याच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, गोमती.

"हो आई," मी म्हणाले, "गंगेचाच."