ढवळी, वय नऊ, डावा गुडघा

सिदू,

हे तुला चाँद वाचून दाखवील, म्हणजे अर्धं गाळून आणि अर्धं पदरचं घालून. म्हणून आधीच सांगते, मी तुझ्याबद्दल लिहितेय आणि जे झालं तेच लिहितेय. तुझी शेरडं किती, तो आकडा मात्र यात कुठंही येणार नाही. मला तो माहीत आहे. रोज ओळी लिहायच्या आणि मोजायच्या नाहीत, हे गणित शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईला जमायचं नाही. पण आजवर तोंडातून काढला नाही, कागदावरही काढणार नाही. आणि इथून पुढं तुला 'तू' म्हणणं बंद. तू समोर आहेस असं वाटलं की माझं निम्मं बोलणं तुला रागावण्यातच जातं. गोष्टीतली बाई मीच, पण तिलाही बाईच म्हणते, म्हणजे तिची बाजू घ्यायला नको.

तर सिदू. वय विचारलं तर म्हणतो, "धरणात पाणी अडवलं तवा मिसरूड फुटत होतं." वस्ती माळावर, पाणी खाली माजलगावच्या धरणाच्या फुगवट्यात, आणि मधे कापसाची जुनी जिनिंग. जिनिंग बंद पडून वीस वर्षं झाली. यंत्रं भंगारात गेली, पत्रे वाऱ्यानं नेले, धुराडं तेवढं उभं. एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला उसाचे फड. फडात शेरडू शिरलं की भांडण, आणि हमरस्त्यानं वळसा घालावा तर उसाचे ट्रक. त्या वळशात सिदूची दोन शेरडं एकाच हंगामात गेली होती. म्हणून जिनिंगच्या आवारातून खाली उतरायचं, पाणी पाजायचं, संध्याकाळी तसंच वर यायचं. सिदूच्या लेखी तो रस्ता नव्हता, नळ होता. बंद झाला तर घर तहानलं.

पुढं ढवळी चालायची. तिचा डावा पाय करडू असताना मोडला होता, तो सिदूनं बांबूच्या काड्या बांधून बसवला, पण गुडघ्यात कसर राहिली. चढ दिसला की ती वळसा घ्यायची, आणि बाकीची तिच्यामागं. बघता बघता जी वाट पडली तिला चढही नाही, उतारही नाही. नुसती सरकत सरकत पाण्यापर्यंत जाते.

ही वाट वरच्या कुठल्याशा कचेरीला आवडली. समुद्रकिनाऱ्यावर आणि जुन्या गिरण्यांच्या आवारांतून लोकांना चालता याव्या अशा सोप्या पायवाटा करायच्या, अशी योजना होती. समुद्र बीड जिल्ह्याच्या वाट्याला आलेला नाही. पण योजना आली होती, तेव्हा काठ शोधणं भाग होतं. माणसं टेप घेऊन आली, दोन दिवस ढवळीच्या मागं फिरली, तिनं पाय टाकला तिथं तिथं पांढरे दगड ठोकले आणि गेली. मग जिनिंगला गेट आलं. गेटावर फलक आला: 'भरती-ओहोटीची वेळ पाहूनच चालावे. फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. नोंदीशिवाय प्रवेश नाही.'

गेटावर चाँद. पूर्वी याच जिनिंगमध्ये गाठी बांधणारा, सिदूचा जुना दोस्त. नोकरी लागल्यापासून मात्र तो फलकासारखं बोलायला लागला होता.

पहिल्या सकाळी त्यानं हात आडवा केला.

"रुक बे सिद्या. नोंद."

"कसली नोंद? तीस वर्सं याच वाटंनं जातोय म्या."

"तवा गेट नव्हतं. आता हाय. एक ओळ लिहितो, सोडतो मग. सिदू आणि सोबत किती जण?"

शेरडं गेटाला तोंडं लावून उभी.

"किती बे?"

"ते न्हाई सांगायचं."

"कावून?"

"मोजली की घटतात."

चाँदनं पेन खाली ठेवलं. "रजिस्टरात आकड्याचा रकाना हाय. रकाना रिकामा ठेवला तर माझी नोकरी घटती."

तेवढ्यात काठी टेकत बाई आल्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि सोपी वाट पंचक्रोशीत हीच. त्यांनी फलक वाचला, रजिस्टर चाळलं.

"चाँद, जनावरांना मनाई असं लिहिलंय कुठं?"

"न्हाई लिहिलं, बाई. दर्यावर शेरडं नसत्यात, त्यांच्या डोक्यात आलं नसंल."

"मग हे पायी चालतात. नोंद कर नि सोड."

"पण ह्यो आकडाच देईना!"

बाई सिदूकडं वळल्या. "आकडा नको देऊ. नावं देतोस?"

सिदूचं तोंड उजळलं. नावं काय, तो प्रत्येकीची आई, आजी, कुणाचा कान कशानं फाटला, सगळं द्यायला तयार होता. "ही ढवळी. ही तिची लेक चंद्री. ही मोरी, लई भांडखोर. ह्यो बांड्या..." चाँद वैतागून म्हणाला, हे सगळं लिहायला दुपार होईल. तेव्हा बाईंनी रजिस्टर ओढून घेतलं आणि दगडावर बैठक मारली. प्रत्येकाची वेगळी ओळ, आकड्याच्या रकान्यात एक, मग नाव, वय, आजार, पायवाटेची निवड. आजाराच्या रकान्यात सिदू फार बारकाईनं बोलायचा. निवड सगळ्यांची एकच: सोपी.

तेव्हापासून बाई रोज सातला गेटावर येऊन लिहू लागल्या. त्यांचं चालणं राहिलं ते राहिलंच. भरतीच्या रकान्यात चाँद रोज 'नाही' लिहायचा. श्रावण-भादव्यात धरण चढलं, फुगवट्याचं पाणी वाटेवर आलं, काठावरचा बाक बुडाला. त्या दिवशी त्यानं ठळक अक्षरात 'भरती' लिहिलं आणि चहा पाजला.

सहा महिन्यांनी वरून पत्र आलं. आखलेल्या सगळ्या पायवाटांत इथं चालणारे सर्वाधिक, आणि त्यातही ढवळी सिदू, वय नऊ, डाव्या गुडघ्याचे दुखणे, हिची एकही गैरहजेरी नाही. अशा जिद्दी बालिकेचा सत्कार करण्यास योजनेचे अधिकारी मोहनराव साहेब स्वतः येत आहेत.

चाँदनं पत्र दोनदा वाचलं. "गेलं गेट, गेली नोकरी."

सिदूला नोकरीचं काही वाटलं नाही. त्याला ट्रक दिसले. रात्री रतनबाईनं, त्याच्या बायकोनं, भाकरी पुढं सरकवली तर म्हणाला, "उद्यापसून हमरस्ता." ती म्हणाली, "आधी खा. साहेबबी शेरडाचं दूध पिऊनच मोठा झाला असंल."

साहेब आले. सोबत फोटोवाला, हार, शाल, श्रीफळ आणि गुलाबी दप्तर, आत कंपासपेटीसकट.

"कुठं आहे आपली ढवळीताई?"

ढवळी स्वतःच लंगडत पुढं आली आणि हाराचा वास घेऊ लागली.

साहेबांनी रजिस्टर मागवलं. ओळी बघितल्या, शेरडं बघितली, परत ओळी बघितल्या. "मॅडम, हे अक्षर कुणाचं?"

"माझं," बाई म्हणाल्या. "खाडाखोड एकही सापडायची नाही."

"किती आहेत ही?"

"मोजायची न्हाईत, सायेब," सिदू कळवळून म्हणाला. "पाया पडतो. नावं इचारा."

साहेबांनी बोट उगारून मोजायला सुरुवात केली. सिदूनं जिभेनं टकटक केलं आणि कळप एकमेकांत मिसळला. पुन्हा मोजलं, पुन्हा टकटक. तीन वेळा तीन आकडे आले. घाम पुसत साहेब बाकाच्या दिशेनं निघाले, तर बाक पाण्यात. मग ते दगडावरच बसले.

"हे आकडे वर गेलेत," ते म्हणाले. "वरच्यांनी ते त्यांच्याही वरच्यांना पाठवलेत. आता कमी झाले तर कारण मला लिहावं लागेल. कारण काय लिहू मी, मॅडम? शेळ्या?"

"लिहू नका."

"बरोबर. गेट असंच चालू द्या. फक्त एक. नावं कमी होता कामा नयेत. एकसुद्धा. ज्या दिवशी एक नाव कमी, त्या दिवशी चौकशी, आणि चौकशी आली की कुलूप."

फोटो निघाला. शाल ढवळीच्या पाठीवर, दप्तर सिदूच्या हातात, हार निम्मा ढवळीच्या गळ्यात नि निम्मा पोटात. दप्तरात रतनबाई अजून खडेमीठ ठेवते.

थंडी सरता सरता ढवळी गेली. म्हातारी झाली होती, एका सकाळी उठलीच नाही. सिदूनं तिला वाटेच्या कडेला, पांढऱ्या दगडापासून चार पावलांवर पुरलं. उशिरा कळप घेऊन गेटावर आला तर बाई ढवळीची ओळ लिहून मोकळ्या झाल्या होत्या. सवयीनं पहिली तीच लिहायच्या.

"बाई, तिचं नाव काढा."

बाईंचं पेन थांबलं. चाँद दुसरीकडं बघू लागला.

"साहेब काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. पण मेलेल्याला रोज चालाया लावू न्हाई, बाई. गुडघा दुखत होता तिचा."

"चंद्रीला करडं होऊ दे. एक नाव वाढलं की एक काढता येईल."

"तवर?"

"काढते म्हटलं ना. उद्या."

चंद्रीला दोन करडं झाली. त्यांची नावंही चढली. पण तोवर तो वाढलेला आकडा वर गेला होता, आणि आता तोही कमी होता कामा नये.

तर सिदू, रोज तू गेटावर विचारतोस, "काढलं का, बाई?" आणि रोज मी "उद्या" म्हणते. आज सकाळीही तू विचारलंस. मी मान खाली घालून लिहीत होते. पहिल्याच ओळीत ढवळी, वय नऊ, डावा गुडघा, सोपी. तू गेट ढकललंस आणि शेरडं पाण्याकडं गेली.