सासऱ्यांसमोर विचारलेला प्रश्न

मंडळी, आज लातूरच्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात माझ्या हातून मोठी चूक होता होता राहिली.

देवणीकडच्या एका पेशंटला न्यायला त्याचे वडील आणि बायको आली होती. "टँकरवरून पाणी आणायला माणूस न्हाई. पोरगं सुधारलंय, सोडा," वडील म्हणाले.

मी त्याच्या बायकोला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तिनं पदर पुढे ओढला. तीनदा विचारलं, तरी गप्पच. मी डिस्चार्जवर सही करायला पेन काढलं.

आमच्या सिस्टर पुटपुटल्या, "सर, सासऱ्यापुढं सून बोलंल का?" मग मोठ्यानं म्हणाल्या, "चला मामा, चहा घेऊ."

दोघं बाहेर जाऊन दार लागताच सून बोलली, "नका सोडू, साहेब. हे घरी असले की उशाला कुऱ्हाड घेऊन झोपतेत. लेकरं मी शेजाऱ्यांच्या घरी निजवते."

कागद फाडला. याआधी किती जणींचं गप्प राहणं मी होकार समजलो असेन?