आत्याने काय पाजलं?

आत्याने सख्ख्या भाचीला काहीतरी पाजलं, असं गल्लीत सगळ्यांना एकाच आठवड्यात कळलं. सांगितलं म्हणाल तर कुणीच नाही. इस्त्रीवाल्याने सांगितलं, पण त्याचं सांगणं कुणी सांगण्यात धरत नाही. तो कॉलर दाबता दाबता "आपल्याला काय करायचंय म्हणा, पण..." एवढंच म्हणायचा, आणि त्या 'पण'साठी गिऱ्हाईक गरम कपड्यांचा गठ्ठा हातात घेऊन पाय दुखेपर्यंत उभं राहायचं. पेल्यातलं पाणी काळपट होतं म्हणे. तळाशी काहीतरी हलत होतं म्हणे. पोरीने पेला घटाघट रिकामा केला, आणि त्या दिवसापासून गणित समोर आलं की ती डोळे मिटायची आणि दोन वेगवेगळ्या आवाजांत स्वतःशीच भांडायची.

यातलं भांडणाचं खरं होतं.

घर तीन मजली, अरुंद आणि उभं, एकावर एक डबे रचावेत तसं. तळाच्या खोलीत भावजयीची शिकवणी. मधल्या मजल्यावर भाऊ, भावजय आणि त्यांची मुलगी. पोरगी अंगाने एवढीशी, म्हणून तिला सगळे बटण म्हणायचे. सगळ्यात वर, गच्चीला लागून, एका खोलीत आत्या. खालच्या वर्गातली पोरं भावजयीला मॅडम म्हणायची, म्हणून आत्याही तिला मॅडमच म्हणायची. फक्त ती ते अशा सुरात म्हणायची, की मॅडमच्या कानशिलावरची शीर उडायची.

आत्या पूर्वी प्राथमिक शाळेत होती. मुख्याध्यापक एकदा तिच्या वर्गात डोकावले आणि म्हणाले, फार गोंगाट आहे. ही म्हणाली, "तुमच्या वर्गात शांतता असते, कारण तिथे कुणी जागं नसतं." त्यानंतर तिने राजीनामा दिला की तिच्याकडून घेतला, याबाबत दोन पक्ष आहेत. लग्नाचंही तसंच. मध्यस्थ सांगत आला, मुलगा लाखात एक आहे. आत्या म्हणाली, "मग उरलेले नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव दाखवा, त्यातून निवडते." मध्यस्थाने चहा अर्धा टाकला आणि तो जिना उतरला. पुन्हा कुणी आलं नाही, आणि आत्यानेही कुणाची वाट पाहिली असेल असं तिच्या तोंडाकडे बघून वाटत नसे.

तर अशी ही बाई वरच्या खोलीत मुलांना गणित शिकवायची. सगळं गणित नाही. पाढे घरी करा, बेरजा-वजाबाक्या घरी करा, इथे फक्त शाब्दिक उदाहरणं. पालकांशी बोलणं दारातच. "तुमचा मुलगा मठ्ठ नाही, त्याला घाई झालीय. मठ्ठ कोण, ते घरी आरशात बघा." एवढं ऐकूनही जे पोराला ठेवून जायचे, त्यांच्या पोरांना ती शिकवायची.

तिची रीत एकच. उदाहरणातल्या आकड्यांवर दोन्ही अंगठे दाबून धरायचे आणि विचारायचं, "भांडण कुणाचं?"

कारण आत्याचा ठाम समज होता की गणितं रचणारे लोक वरून साळसूद असतात. फुगे काय, गोळ्या काय, पेन्सिली काय. पण प्रत्येक उदाहरणात कुणाला तरी कमी मिळालेलं असतं, कुणीतरी पुढे घुसलेलं असतं, नाहीतर कुणीतरी शेवटी तसंच उरलेलं असतं. तो माणूस आतून बोंबलत असणारच. तो दिसेपर्यंत पेन्सिलीला हात लावायचा नाही. पोरांना हे चटकन पटायचं. घरोघरी तेच तर बघत होती ती.

खाली मॅडमचा कारभार वेगळा. भिंतीवर मोठा तक्ता: एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी, जास्त म्हणजे बेरीज, वाटले म्हणजे भागाकार. खोलीभर पोरं तो एका सुरात म्हणायची. शब्द पकडा, चिन्ह टाका, पुढचं घ्या. वर्ग कसा झपाझप चालायचा. दारावर पाटी होती: 'शाब्दिक उदाहरणे हमखास'. आत्या रोज सकाळी आपली सतरंजी गच्चीच्या कठड्यावरून नेमकी त्या पाटीवर झटकायची.

दोघींत थेट बोलणं नव्हतं. बोलायचं ते जिन्याला उद्देशून.

"काही लोकांना वर राहून खाली धूळ टाकायची सवय असते!"

"काही लोकांच्या वर्गातून धुळीशिवाय काही बाहेरच पडत नाही!"

मधल्या मजल्यावर भाऊ टीव्हीचा आवाज वाढवायचा. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर लोकांना स्पष्ट दिसेल अशी सोय करायची आणि घरी आल्यावर काहीच दिसत नाही असं दाखवायचं, हा त्याचा धर्म. मॅडमला वरची खोली हवी होती, मोठ्या पडद्याच्या वर्गासाठी. भाऊ तिला म्हणायचा, "ताईकडे पोरं येतात तोवर कसं काढू? पोरं बंद झाली की बघू." तो हे जिन्यात म्हणाला, म्हणजे आत्याला ऐकू जाईल असंच म्हणाला. तेव्हापासून आत्याला एवढं कळत होतं, की पोरं आहेत तोवर खोली आहे. खोली गेली तर दूरच्या मावसबहिणीच्या घरी जिन्याखालची खाट, आणि त्या खाटेवर जाण्यापेक्षा ती रस्त्यावर बसली असती.

एका दुपारी मॅडमने बटणला वर धाडलं. "जा, सांग तुझ्या आत्याला, सतरंजी मागच्या बाजूला झटक म्हणावं." खरं म्हणजे पोरीला डोळ्यांसमोरून घालवायचं होतं. शाळेतून चाचणीचा कागद आला होता. मॅडमची मुलगी, आणि शाब्दिक उदाहरणात भोपळा. ही गोष्ट बाहेर फुटली तर पाटी उतरवावी लागली असती.

बटण वर पोचली ती धापा टाकत, नाक पुसत, मुठीत कागद चुरगळून. निरोप ती जिन्यातच विसरली.

"पाणी पी आधी," आत्याने पेला पुढे केला. "मग रड. कोरड्या घशाने रडू नये, आवाज चिरका येतो."

पोरीने पेला रिकामा केला. दार उघडं होतं आणि दारात इस्त्रीवाला कपडे घेऊन उभा होता. त्याने पेला पाहिला, पोरीचे लाल डोळे पाहिले, आणि कपडे उंबऱ्यावर ठेवून तो नेहमीपेक्षा जरा लगबगीने उतरला.

आत्याने कागद सरळ केला. एका माणसाकडे अठरा कोंबड्या आहेत. त्या शेजाऱ्याच्या कोंबड्यांपेक्षा पाचने जास्त आहेत. तर शेजाऱ्याकडे किती? बटणने लिहिलं होतं, तेवीस.

"का?"

"जास्त म्हणजे बेरीज."

"कोण म्हणतं?"

"तक्ता."

"तक्त्याने कोंबड्या पाळल्यात का कधी?" आत्याने आकड्यांवर अंगठे दाबले. "डोळे मीट. भांडण कुणाचं?"

बटणने डोळे मिटले. मग हळूच म्हणाली, "शेजारी कुंपणावरून बघतोय."

"कसा बघतोय?"

"आई तुझ्या खोलीकडे बघते तसा."

आत्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. "का बघतोय?"

"त्याच्याकडे कमी आहेत ना." पोरीने डोळे उघडले. "आत्या! त्याच्याकडे कमी आहेत!"

"मग त्याच्या घरात तेवीस कोंबड्या कोणी घुसवल्या, गाढवा?"

बटणने तेवीस खोडले आणि तेरा लिहिले. नंतर ती निरोपाचं निमित्त करून आणखी काही वेळा वर आली. आत्याने 'ये' म्हटलं नाही आणि 'जा'ही म्हटलं नाही. दार मात्र त्या वेळेला उघडं असायचं.

मग खालच्या वर्गात स्फोट झाला. मॅडमने फळ्यावर उदाहरण घातलं: सव्वीस मुलं सहलीला निघाली, एका गाडीत सहा बसतात, तर गाड्या किती? अख्ख्या खोलीने भागाकार केला. चार गाड्या, बाकी दोन. सगळ्यांच्या पेन्सिली खाली. फक्त बटणचे डोळे मिटलेले आणि ओठ हलत होते.

"आमची दोन पोरं काय रस्त्यावर सोडणार?" हे एका जाड आवाजात.

"जागा नाही हो बाई, गाडी भरली!" हे दुसऱ्या, किनऱ्या.

"भरली तर दुसरी आणा! नाहीतर मीच गाडीपुढे आडवी पडते!"

पोरं फिदीफिदी हसायला लागली. दारात मुलांना न्यायला आलेल्या दोन आया होत्या, त्या हसल्या नाहीत. एकीने दुसरीचं कोपर धरलं. बटणने डोळे उघडले आणि लिहिलं, पाच.

मॅडमने पुस्तकाचं शेवटचं पान उलटून पाहिलं. पाच. तिने पुस्तक मिटलं.

"हिला बरं नाहीये," ती आयांना म्हणाली. "वरून आल्यापासून असं करते."

बस्स. इस्त्रीवाल्याकडे पेला होता, आयांकडे आता आवाज होते. दोन्ही जोडायला असा कितीसा वेळ लागतो? पोरगी दुसऱ्याच्याच आवाजात बोलते. डोळे फिरवते. वरचीने सूड उगवला, बिनलग्नाची ना, पोटचं नाही म्हणून. मॅडमने यातलं एक अक्षर उच्चारलं नाही. कुणी विचारलं की ती फक्त उसासा टाकायची, आणि तो उसासा इस्त्रीवाल्याच्या 'पण'पेक्षा लांब पोचायचा. तिने अफवा खोडली असती तर पाच कुठून आले ते सांगावं लागलं असतं, आणि तक्त्याचं काय करायचं तेही.

वर येणारी पोरं एकेक करून गळाली. कुणाला ताप, कुणाला पाहुणे, कुणी नुसतंच नाही. एके संध्याकाळी आत्या सतरंजी अंथरून बसली आणि त्या सतरंजीवर कुणीच आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी भाऊ मोजायची पट्टी घेऊन वर आला. मागे मॅडम, तिच्यामागे बटण, आणि जिन्यात तमाशा बघायला थांबलेल्या चार आया.

"मोज," आत्या म्हणाली. "भिंत तेवढीच आहे. आपण लहानपणी मोजली होती, तेव्हापासून वाढली नाही."

भावाने पट्टी भिंतीला लावली आणि तशीच धरून उभा राहिला. "ताई, एकदाच सांग ना सगळ्यांसमोर. काही पाजलं नाही म्हण. मी मिटवतो."

"आणि माफी," मॅडम म्हणाली. बऱ्याच काळानंतर ती थेट बोलली. "वन्सं, माझ्या पोरीला मला न विचारता शिकवलंत, त्याची माफी. तक्ता पाठ असताना तिच्या डोक्यात कालवाकालव केलीत, त्याची."

आत्याने सगळ्यांकडे पाहून घेतलं. नाही म्हणावं तर हे लोक विश्वास ठेवणार नव्हते. समजावून सांगावं तर मॅडमच्या पुढ्यात हात जोडावे लागणार होते. जिन्यात ओठ घट्ट मिटून उभ्या असलेल्या आया तिला दिसल्या. त्यांच्यात एकीचा पोरगा वर्षभर प्रत्येक चाचणीत भोपळा आणत होता, आणि तिची मान सगळ्यांपेक्षा पुढे आली होती.

"हो," आत्या म्हणाली. "पाजलं."

जिन्यात कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं.

"आत्या, ते तर..." बटण पुढे आली.

"तू गप्प बस!" आत्या अशी कडाडली की पोरगी आईच्या पदराआड गेली. तिच्यावर आत्या आजवर असं ओरडली नव्हती.

"काय पाजलंत?" मॅडमचा आवाज फुटला.

"ते सांगायला मी काय खुळी? गुण बघितलात ना? पोरगी पाच लिहिते. तुमचा अख्खा वर्ग दोन पोरं रस्त्यावर सोडून सहलीला जातो." मग तिने मॅडमच्या खांद्यावरून जिन्याकडे पाहिलं. "ज्यांना हवंय त्यांनी आपली पोरं वर पाठवा. खालच्या वर्गाच्या चपलांचा ढीग ओलांडावा लागेल, तेवढाच काय तो त्रास."

भावाने पट्टीचं टोक सोडलं. ती सर्रकन आत गेली.

"पोरगी पुन्हा वर येणार नाही," मॅडम म्हणाली.

"नाही येणार," भाऊ म्हणाला. एवढं बोलण्याची हिंमत त्याला पहिल्यांदाच झाली, आणि ती नेमकी इथेच झाली.

आत्याने सतरंजी उचलली आणि ती गच्चीकडे निघाली.

त्याच संध्याकाळी ती पुढे मान काढलेली आई दार ढकलून आली. पोराला पुढे लोटून कुजबुजली, "याला द्या ते. पण जरा बेताने, पोट नाजूक आहे याचं." आत्याने पेला भरला. पोराने डोळे मिटून, श्वास रोखून पेला संपवला. मग आत्याने पुस्तकावर अंगठे ठेवले. पुढच्या आठवड्यात तिघं आली. नंतर इतकी आली की आया आपापसांत भांडायला लागल्या, शेजारणीच्या पोराला पेला काठोकाठ आणि आमच्याला अर्धाच का म्हणून. आत्याने ते भांडणही उदाहरणात घातलं. खोली गेली नाही. काही महिन्यांनी तर मॅडमच्या दारातही पिंप आणि पेला दिसू लागला, तक्त्याच्या बरोबर खाली.

बटण मात्र कधी वर आली नाही. जिन्यात आत्या समोरून आली की ती भिंतीला चिकटून उभी राहायची आणि आत्या खाली न बघता पुढे जायची.

पेल्यात नळाचं पाणी होतं. पोरगी रडत जिने चढून आली होती आणि तिला तहान लागली होती.