सुमनसाठी आणलेला ॲम्प्लिफायर

परवा मुलीनं माळ्यावरचा जुना पॉवर ॲम्प्लिफायर काढून लावला. तो तापला तसा जाळीतून करपलेल्या धुळीचा वास आला आणि मला आमच्या निरगुडसर गावच्या घरातली ती दुपार आठवली.

माझ्या बायकोचे, सुमनचे, कान तेव्हा झपाट्यानं जात होते. टेपवरची भजनं तिला ऐकू येईनात, म्हणून मी जुन्नरच्या लाउडस्पीकरवाल्या रफीकभाईंकडून त्यांचा लग्नमंडपात वाजणारा हा ॲम्प्लिफायर विकत घेतला. जोडून द्यायला ते स्वतः आले.

"आता वहिनींना लई झ्याक ऐकू येनार बघा, भाऊ," ते म्हणाले.

मी आवाज वाढवत गेलो. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. सुमन समोर बसून मान डोलवत होती.

"येतंय का ऐकू?" मी खुणेनं विचारलं.

"येतंय की. लई ग्वाड," ती हसून म्हणाली.

भजन संपलं. खोली शांत झाली, तरी तिची मान डोलतच होती. रफीकभाई खाली बघून उरलेली वायर गुंडाळत राहिले.

ती भजनात रंगलीय, असं मला तेव्हा वाटलं. आज सुमन नाही. आता कळतं, ती माझा आनंदलेला चेहरा बघून डोलत होती.